बांधलेला आमदार, मोकळा पक्ष

४ डिसेंबर २०१७ रोजी राज्यसभेचे सभापती वेंकय्या नायडू यांनी संयुक्त जनता दलाच्या दोन खासदारांना अपात्र ठरवले. त्यांपैकी एक होते शरद यादव, ज्यांनी हा पक्ष उभा करण्यात वाटा उचलला होता आणि जे अनेक वर्षे त्याचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. दुसरे होते अली अन्वर. दोघांनीही सभागृहात व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडून मतदान केले नव्हते, दोघांनीही दुसऱ्या पक्षाची पावती फाडली नव्हती. त्यांच्यावरचा आरोप असा की, ऑगस्ट महिन्यात पाटण्यात झालेल्या राष्ट्रीय जनता दलाच्या सभेला ते हजर राहिले आणि पक्षनेतृत्वाविरुद्ध उघड बोलले. या आरोपामागची घटना मात्र नीट पाहिली पाहिजे. २०१५ मध्ये बिहारच्या मतदारांनी नितीशकुमार, लालूप्रसाद आणि काँग्रेस यांच्या महाआघाडीला भाजपच्या विरोधात निवडून दिले होते. २६ जुलै २०१७ रोजी नितीशकुमारांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी भाजपच्या पाठिंब्यावर पुन्हा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. आघाडी बदलली ती नेत्याने. जुन्या आघाडीला धरून राहिले ते शरद यादव. पक्षांतरबंदी कायद्याने शिक्षा दिली ती धरून राहणाऱ्याला.

सभापतींनी कायदा चुकीचा लावला, असे म्हणून हे प्रकरण बाजूला सारता येत नाही. हा कायदा ज्यात आहे, त्या राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातील शब्द आणि सर्वोच्च न्यायालयाने लावलेले त्यांचे अर्थ पाहिले, तर निर्णय त्या चौकटीत बसणारा होता. म्हणूनच दोष चौकटीत शोधावा लागतो. मतदाराचा कौल कोणी पायदळी तुडवू नये म्हणून हा कायदा झाला, असे आपण समजतो, शाळेच्या नागरिकशास्त्रात शिकवतोही. माझे म्हणणे असे की, हा कायदा मतदाराच्या कौलाचे रक्षण करत नाही; तो पक्षावरील नेतृत्वाच्या ताब्याचे रक्षण करतो. त्याने आमदार-खासदाराला पक्षाशी करकचून बांधले, पण ज्या पक्षाशी बांधले तो कसा चालतो, त्याचा नेता कोण आणि कसा निवडतो, त्याचा आदेश कोणत्या बैठकीत ठरतो, याबद्दल एक अक्षर उच्चारले नाही. गेल्या ४० वर्षांत आपण पाहिलेली फाटाफूट, हॉटेलांतले मुक्काम, चिन्हांच्या लढाया आणि विधानसभा अध्यक्षांपुढे तुंबलेल्या याचिका या सगळ्यांची मुळे या एका मौनात आहेत.

रोग खराखुरा होता, हे आधी मान्य केले पाहिजे. १९६७ च्या निवडणुकीत अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत गेले आणि काठावरच्या बहुमतांचा काळ सुरू झाला. हरियाणातील गयालाल नावाच्या आमदाराने एका पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग देशाला मिळाला. लोकसभेने डिसेंबर १९६७ मध्ये ठराव करून या प्रश्नावर समिती नेमायला लावली. तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण तिचे अध्यक्ष होते. या समितीने गोळा केलेले आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. पहिल्या ते चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या सबंध काळात पक्षांतराच्या सुमारे ५४२ घटना घडल्या होत्या. मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या एकाच वर्षात किमान ४३८ घडल्या. निवडून आलेल्या ३७६ अपक्षांपैकी १५७ जण कुठल्या ना कुठल्या पक्षात गेले. सर्वांत बोलका आकडा शेवटचा आहे. ज्या २१० पक्षांतर करणाऱ्यांचा माग काढला गेला, त्यांपैकी ११६ जणांना, त्यांच्याच मदतीने बनलेल्या सरकारांत मंत्रिपदे मिळाली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक. मंत्रिपदाचा हा मोह तोडावा, पक्षांतर करणाऱ्याला ठरावीक काळ मंत्रिपदापासून दूर ठेवावे, मंत्रिमंडळांच्या आकाराला मर्यादा घालावी, ही दिशा चव्हाण समितीने १९६९ मध्ये दाखवली होती. रोगाचे निदान बरोबर होते आणि औषधही जवळपास बरोबर होते.

ते औषध घ्यायला देशाने सुमारे ३५ वर्षे लावली. १९७३ मध्ये आणलेले घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेबरोबर संपुष्टात आले, १९७८ चे मांडतानाच विरोध झाल्याने मागे घेतले गेले. १९८० च्या जानेवारीत हरियाणाचे मुख्यमंत्री भजनलाल यांनी आपले जवळजवळ सगळे जनता सरकार घेऊन काँग्रेसमध्ये प्रवेश केला. मग १९८५ साल उजाडले. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या निवडणुकीत ४०० हून अधिक जागा मिळवून राजीव गांधी पंतप्रधान झाले होते. त्यांच्या सरकारने आणलेली ५२ वी घटनादुरुस्ती जानेवारीच्या ३० तारखेला लोकसभेत आणि ३१ तारखेला राज्यसभेत मंजूर झाली. प्रतिनिधीच्या स्वातंत्र्याची व्याख्याच बदलणारा कायदा दोन दिवसांत, जवळपास एकमुखाने झाला. त्या दुरुस्तीआधी आपल्या घटनेत राजकीय पक्षाचा उल्लेखही नव्हता. दहाव्या परिशिष्टाने पक्षाला घटनेत आणले ते थेट शिक्षा घडवणारी संस्था म्हणून. पक्षाची कर्तव्ये, रचना, हिशेब यांपैकी काहीही सोबत आले नाही. पुण्यात जन्मलेले समाजवादी संसदपटू मधू लिमये त्या वेळी सभागृहात नव्हते, पण त्यांनी कायद्याची खोड तेव्हाच ओळखली होती. किरकोळ पक्षांतराला बंदी आणि घाऊक पक्षांतराला परवानगी, असा हा प्रकार असल्याची टीका त्यांनी केली.

लिमयांच्या टीकेचा आधार कायद्याच्या मजकुरातच होता. दहाव्या परिशिष्टानुसार सदस्य दोन प्रकारे अपात्र ठरतो. त्याने पक्षाचे सदस्यत्व आपणहून सोडले तर, किंवा पक्षाच्या आदेशाविरुद्ध मतदान केले वा मतदानाला गैरहजर राहिला आणि पक्षाने १५ दिवसांत त्याला माफ केले नाही तर. पहिल्या अटीचा अर्थ न्यायालयांनी खूप रुंद केला. गोव्यातील रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, सदस्यत्व सोडणे म्हणजे केवळ लेखी राजीनामा नव्हे. वर्तनावरूनही ते सिद्ध होऊ शकते. शरद यादवांची खासदारकी याच वाटेने गेली. एकट्याला असा घट्ट पाश घालणाऱ्या या कायद्याने गटाला मात्र दारे ठेवली. एक-तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती ‘फूट’ आणि दोन-तृतीयांश गेले तर ते ‘विलीनीकरण’, दोन्हींना संरक्षण. उत्तर प्रदेशात १९९७ मध्ये कल्याणसिंगांनी फुटीर गटांना सामावून घेत ९३ मंत्र्यांचे मंत्रिमंडळ बनवले, तेव्हा पहिल्या दाराची किंमत सगळ्या देशाला कळली. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने फुटीचे दार बंद केले, मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली, आणि अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत मंत्रिपद मिळणार नाही अशी तरतूद केली. चव्हाण समितीचे औषध शेवटी पोटात गेले. पण विलीनीकरणाचे दार उघडेच राहिले, आणि अपात्र ठरवायचे कोणी हा प्रश्नही होता तिथेच राहिला.

या दाराचा अभ्यास करायचा तर गोव्याइतकी चांगली जागा नाही. ४० जणांच्या विधानसभेत दोन-तृतीयांश म्हणजे फार थोडी माणसे होतात. मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तिघांपैकी दोन आमदार भाजपमध्ये गेले, आणि गोव्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांचा पक्ष विधिमंडळापुरता कायद्याच्या दृष्टीने ‘विलीन’ झाला. दोन माणसे पुरली. जुलैमध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी तीच वाट धरली. पुढच्या निवडणुकीत काँग्रेसने धडा घेतला असे वाटले. जानेवारी २०२२ मध्ये पक्षाच्या उमेदवारांनी पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा येथे जाऊन, निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही, अशा शपथा घेतल्या. त्यांतले ११ जण निवडून आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ भाजपमध्ये गेले. आठ म्हणजे दोन-तृतीयांशाहून जास्त; कायद्याला हरकत घेता आली नाही. मूळ पक्षाने विलीनीकरणाचा ठराव करावा लागतो की आमदारांची संख्या पुरते, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये खंडपीठाने संख्या पुरते असा अर्थ लावला. पक्षाचे हजारो सदस्य, त्याच्या गट समित्या, त्याचे पदाधिकारी, यांना विचारण्याची गरजच उरली नाही.

हे एका पक्षाचे पाप नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बहुजन समाज पक्षाचे सहाच्या सहा आमदार काँग्रेसमध्ये विलीन झाले, आणि त्याचा लाभ काँग्रेसच्या सरकारने घेतला. त्याच वर्षी तेलंगणात काँग्रेसच्या १८ पैकी १२ आमदारांनी तेव्हाच्या तेलंगणा राष्ट्र समितीत विलीनीकरण केले. अरुणाचल प्रदेशात २०१६ साली मुख्यमंत्री पेमा खांडू काँग्रेसमधून प्रादेशिक पक्षात आणि काही महिन्यांतच तिथून भाजपमध्ये गेले, तेव्हा दोन्ही वेळा त्यांच्यासोबत जवळजवळ सगळे सरकार गेले. ज्या त्या ठिकाणी जिंकणारा पक्ष वेगळा आहे, हरणारा वेगळा. कायद्याची वागणूक मात्र सगळीकडे सारखी. एकटा माणूस विवेकाने वेगळे मत देईल तर त्याची जागा जाते, सगळे मिळून सत्तेकडे चालू लागले तर त्यांना घटनेचे छत्र मिळते.

आता न्यायनिवाडा कोण करतो ते पाहू. दहाव्या परिशिष्टाने हे काम सभागृहाच्या अध्यक्षांकडे किंवा सभापतींकडे दिले आणि न्यायालयांना मज्जाव केला. १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ३ विरुद्ध २ अशा बहुमताने कायदा वैध ठरवला, पण मज्जावाचे कलम रद्द केले. अल्पमतातल्या दोघांचा आक्षेप असा होता की, ज्याचे पद सभागृहातील बहुमतावर टिकून आहे तो स्वतंत्र न्यायाधीश होऊ शकत नाही. त्याआधी दोनच वर्षे गोव्याने याचे उदाहरण घालून दिले होते: १९९० मध्ये सभापती लुईस प्रोतो बार्बोझा स्वतःच सत्ताधारी काँग्रेसमधील फुटीचे नेतृत्व करून मुख्यमंत्री झाले. उलट २००८ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांनी पक्षाच्या सांगण्यावरून पद सोडायला नकार दिला, कारण अध्यक्ष पक्षाचा नसतो अशी त्यांची धारणा होती. मार्क्सवादी पक्षाने त्यांना काढून टाकले. तटस्थ राहिलेल्या अध्यक्षाचे पक्षात काय होते, हे त्यानंतरच्या प्रत्येक अध्यक्षाला ठाऊक आहे. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली काढाव्यात असे सांगितले आणि स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करावा असे संसदेला सुचवले. जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या प्रकरणात न्यायालयाला पुन्हा तीन महिन्यांची मुदत घालावी लागली आणि व्यवस्थेचा फेरविचार करण्याची विनंती संसदेला पुन्हा करावी लागली.

महाराष्ट्रातील घटना वाचकांना तपशिलाने माहीत आहेत, म्हणून त्यांतला एकच धागा उचलतो, कारण माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेच्या ५५ आमदारांपैकी बहुसंख्य एकनाथ शिंदे यांच्यासोबत सुरत आणि गुवाहाटीला गेले. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला आणि ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने निकाल दिला की, प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. शिंदे गटाच्या प्रतोदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा आहे. आणि फुटीचा बचाव २००३ नंतर कोणालाही घेता येत नाही. इथवर तत्त्व स्वच्छ होते: पक्ष वर, आमदार त्याच्या खाली. पण पुढचा प्रश्न आला की मग पक्ष म्हणजे कोण? तो ठरवण्यासाठी विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांना पक्षाची घटना उघडावी लागली. एक घटना १९९९ ची होती, दुसरी २०१८ ची. दुसरी निवडणूक आयोगाच्या दफ्तरी नसल्याचे कारण देऊन त्यांनी पहिली ग्राह्य धरली. पक्षाची रचना पाहूनही उत्तर निघत नाही असे म्हणत, विधिमंडळातील संख्याबळावर १० जानेवारी २०२४ रोजी शिंदे गट हाच खरा पक्ष असल्याचा निर्णय दिला, आणि कोणत्याच बाजूच्या आमदाराला अपात्र ठरवले नाही. त्याआधी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला देताना २०१८ ची पक्षघटना लोकशाहीशी विसंगत असल्याची टिप्पणी करत विधिमंडळातील बहुमतालाच निर्णायक मानले होते. राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाच्या बाबतीतही फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोग आणि अध्यक्ष दोघेही संख्याबळावरच पोहोचले.

या निकालांवर कोणाला राग येईल, कोणाला आनंद होईल. तो प्रश्न इथे नाही. पाहण्याची गोष्ट ही की, आमदाराला पक्षाच्या अधीन ठेवण्यासाठी केलेला कायदा शेवटी पक्षच आमदारांच्या हाती सोपवून थांबला. असे का झाले? कारण पक्षाचा मालक ठरवण्याचा दुसरा विश्वासार्ह पुरावा उपलब्ध नव्हता. ज्या पक्षात सदस्यांची खरी यादी असते, प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडले जातात, त्या प्रतिनिधींनी नेता निवडलेला असतो आणि त्याची नोंद आयोगाकडे असते, तिथे ‘पक्ष कोणाचा’ हा प्रश्न एका बैठकीत सुटतो. जिथे हे काहीच नसते तिथे मोजता येण्यासारखी एकच वस्तू उरते, आणि ती म्हणजे आमदारांची डोकी. १९७१ च्या सादिक अली खटल्यापासून संघटना आणि विधिमंडळ या दोन्ही ठिकाणचे बहुमत पाहण्याची रीत आहे. तेव्हा काँग्रेसच्या बैलजोडी या चिन्हासाठी भांडण होते. तेव्हापासून आजपर्यंत संघटनेचा पुरावा कमकुवत होत गेला, कारण संघटनाच कमकुवत होत गेली. सव्वाशे वर्षांहून जुन्या काँग्रेसमध्ये कार्यकारिणीची खरीखुरी निवडणूक शेवटची १९९७ मध्ये कोलकात्याला झाली. भाजपमध्ये अध्यक्षाची निवड बिनविरोध होण्याचीच प्रथा आहे. प्रादेशिक पक्षांत नेतृत्व बहुधा एका घराण्याकडे असते. अशा पक्षात उमेदवारी वरून मिळते, म्हणून निष्ठाही वरच वाहिली जाते. आणि वरून मिळणारे काही दुसरा कोणी जास्त देऊ लागला की तीच निष्ठा तिकडे वळते. गावातल्या कार्यकर्त्याने ज्याला निवडलेच नाही, तो आमदार गुवाहाटीला निघताना कार्यकर्त्याला विचारील ही अपेक्षा कशाच्या बळावर ठेवायची?

या कायद्याने आणखी एक नुकसान केले, जे बातम्यांत येत नाही कारण ते न घडलेल्या गोष्टींचे आहे. व्हिप केवळ विश्वासदर्शक ठरावावर निघत नाही. साध्या विधेयकांवरही निघतो. त्यामुळे चर्चेने मत बदलण्याची शक्यताच संपते. बोलायला सदस्य मोकळा, मत द्यायला बांधलेला. ज्या ब्रिटनकडून आपण संसदीय पद्धत घेतली, तिथेही व्हिप कडक असतो, पण तो मोडल्याने जागा जात नाही. मे १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेवरील चर्चेनंतर सत्ताधारी बाजूच्या सुमारे ४० खासदारांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत दिले आणि आणखी कित्येक जण गैरहजर राहिले. चेंबरलेन यांचे दोनशेहून अधिकचे बहुमत ८१ वर आले, सरकार पडले नव्हते तरी पंतप्रधान गेले आणि चर्चिल आले. आपला कायदा तिथे असता तर त्या सर्वांच्या जागा धोक्यात आल्या असत्या आणि ऐन युद्धात पंतप्रधान बदलण्याचा मार्ग बहुधा उघडलाच नसता. २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या वादात सत्ताधारी पक्षाने २१ खासदारांवर संसदीय पक्षातून बाहेर काढण्याची कारवाई केली, पण त्यांची खासदारकी तशीच राहिली आणि त्यांचा हिशेब मतदारांवर सोपवला गेला. किहोतो होलोहान निकालाच्या बहुमतानेही म्हटले होते की, अपात्रता घडवणारा पक्षादेश सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मूलभूत धोरणाशी निगडित मतदानापुरताच असावा. व्यवहारात ही मर्यादा कोणी पाळली नाही.

पहिला आक्षेप साहजिक आहे: हा पाश सैल केला तर १९६७ परत येईल, सरकारे दर पंधरवड्याला कोसळतील. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर ‘कायदाच नको’ असे असू शकत नाही. पण १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने मधला मार्ग सांगितला होता: पक्षादेश मोडल्याबद्दलची अपात्रता केवळ विश्वास आणि अविश्वास ठरावांच्या मतदानापुरती ठेवावी, आणि निर्णय निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी द्यावा. अर्थविधेयकेही त्यात घालता येतील. सरकार टिकवायला एवढे पुरते. आणि आजच्या कायद्याने स्थैर्य दिले का, हे तपासले तर कर्नाटकाकडे पाहावे. २०१९ मध्ये १७ आमदारांनी राजीनामे देऊन वा गैरहजर राहून सरकार पाडले, त्यांना अपात्र ठरवले गेले, सर्वोच्च न्यायालयाने पोटनिवडणूक लढवायची मुभा दिली, आणि डिसेंबरमध्ये त्यांतले बहुतेक नव्या पक्षाच्या चिन्हावर परत आले. मध्य प्रदेशात २०२० मध्ये २२ आमदारांच्या राजीनाम्यांनी सरकार गेले. कायद्याने सरकार वाचवले नाही. फक्त पाडण्याची रीत बदलली. तरी या दोन राज्यांत मतदाराला पुन्हा विचारले गेले, आणि म्हणून गोव्यातल्या विलीनीकरणापेक्षा ही रीत मला कमी वाईट वाटते. पक्ष सोडायचा तर जागा सोडून, पुन्हा मतदारापुढे जाऊन, मग सोबत दोघे असोत की दोन-तृतीयांश; हा नियम सर्वांना सारखा लावला तर घाऊक आणि किरकोळ हा भेदच राहत नाही.

दुसरा आक्षेप असा की मतदार चिन्हाला मत देतो, माणसाला नाही. म्हणून पक्षाचा आदेश म्हणजे मतदाराचाच आदेश. पहिला भाग बहुतांशी खरा आहे. पण मतदाराने चिन्हासोबत एक जाहीरनामा, एक आघाडी, एक विरोधक पाहून मत दिलेले असते. २०१७ मध्ये बिहारमध्ये नेत्याने तेच बदलले. महाराष्ट्रात २०१९ ला निवडणुकीआधीची युती निकालानंतर मोडली आणि वेगळी आघाडी सत्तेवर आली. या निर्णयांची राजकीय कारणे असतील, काहींना ती पटतीलही. पण पक्षप्रमुखाने दिशा बदलली तर ते धोरण, आणि सदस्याने मूळ दिशा धरली तर तो द्रोह, हा हिशेब मतदाराच्या नावावर खपवता येणार नाही. मतदाराचा आदेश इतका पवित्र असेल तर तो पक्षप्रमुखालाही बांधला पाहिजे, आणि पक्षप्रमुखाला बांधू शकतात ते केवळ त्याच्या पक्षाचे सदस्य, जर त्यांच्या हाती त्याला निवडण्याची आणि बदलण्याची सत्ता असेल तर.

तिसरा आक्षेप सर्वांत आदराने ऐकण्यासारखा आहे. पक्ष ही नागरिकांनी आपखुशीने केलेली संघटना आहे. सरकारने तिच्या अंतर्गत निवडणुकांत नाक खुपसले तर उद्या सत्ताधारी त्याच हत्याराने विरोधकांना संपवतील. ही भीती निराधार नाही. पण आपल्या देशात पक्ष आता निव्वळ खासगी मंडळ राहिलेला नाही. कायदा त्याला चिन्ह देतो, देणग्यांवर करसवलत देतो, सरकारी प्रसारमाध्यमांवर वेळ देतो, आणि दहाव्या परिशिष्टाने तर लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधीची जागा काढून घेण्यास भाग पाडण्याचे सामर्थ्य दिले आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ अ कलमाखाली नोंदणी करताना पक्षाला लोकशाहीवर निष्ठा जाहीर करावी लागते, पण ती स्वतःच्या घरात पाळली नाही तर नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. एवढी सत्ता घेणाऱ्या संस्थेकडून सदस्यांची यादी, ठरावीक मुदतीच्या निवडणुका आणि गुप्त मतदान मागणे हा हस्तक्षेप नव्हे. आणि देखरेख सरकारकडे न देता न्यायालयांकडे दिली, तर आक्षेपातला बराचसा धोका टळतो.

असे करता येते याचा पुरावा जर्मनीत आहे. हुकूमशाही पक्षाने लोकशाही गिळल्याचा अनुभव ताजा असताना १९४९ मध्ये तिथे मूलभूत कायदा लिहिला गेला. त्याच्या २१ व्या कलमात पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांनुसार असली पाहिजे असे म्हटले, आणि ३८ व्या कलमात संसद सदस्य कोणाच्या आदेशाने बांधलेले नाहीत, केवळ विवेकाला जबाबदार आहेत असे म्हटले. आपण केले त्याच्या नेमके उलट: पक्ष बांधला, सदस्य मोकळा ठेवला. १९६७ च्या पक्षविषयक कायद्याने तपशील भरले, आणि निवडणुकीतील उमेदवार सदस्यांच्या किंवा प्रतिनिधींच्या गुप्त मतदानाने ठरतात. तिथे पक्षांतरे झालीच नाहीत असे नाही. चॅन्सेलर विली ब्रँट यांच्या पूर्वेकडील धोरणावरून काही खासदार विरोधी पक्षात गेले आणि सरकारचे बहुमत धोक्यात आले. एप्रिल १९७२ मधला अविश्वास ठराव दोन मतांनी फसला, आणि त्या मतदानात पूर्व जर्मनीचा पैसा फिरला होता हे पुढे उघड झाले. म्हणजे लाचलुचपतीचा धोका तिथेही होता. पण त्यांनी त्यावर उपाय म्हणून प्रतिनिधीला जखडले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि मतदारांनी ब्रँट यांना स्पष्ट कौल दिला. शिवाय पर्यायी चॅन्सेलर निवडल्याशिवाय सरकार पाडता येत नाही, या तरतुदीने स्थैर्य राखले. १९८२ मध्ये श्मिट जाऊन कोल आले ते याच तरतुदीने. फाटलेल्या सभागृहात सरकार टिकवण्याचा हा मार्ग आपल्या राज्यांनाही खुला आहे.

गोस्वामी समिती, १९९९ चा विधी आयोगाचा १७० वा अहवाल, न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा २००२ चा अहवाल, या सर्वांनी या दिशेने काही ना काही सांगून ठेवले आहे. माहितीची उणीव नाही. अडचण अशी की दहावे परिशिष्ट बदलायचे तर संसदेत दोन-तृतीयांश मते लागतात, आणि ती मते ज्यांच्या आदेशाने पडतात त्यांचेच अधिकार या बदलाने कमी होणार आहेत. म्हणून ही मागणी सभागृहातून उठण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ती पक्षांच्या शाखांमधून, तालुक्याच्या कार्यालयांमधून, सतरंज्या उचलणाऱ्या आणि मतदार याद्या घेऊन दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यांकडून आली पाहिजे. तुम्ही कोणत्याही पक्षाचे सदस्य असाल तर पुढच्या बैठकीत दोन गोष्टी लेखी मागा: आपल्या तालुक्यातील सदस्यांची यादी आणि आपल्या पक्षातील शेवटच्या अंतर्गत निवडणुकीचा निकाल.